राउटरमधील राखीव प्रोसेसर : रचना, जोडणी आणि मर्यादा

चांदूर बाजारसारख्या तालुक्याच्या गावी तहसील कार्यालय, बँका, रेशन दुकानांतील ई-पॉस यंत्रे आणि सातबारा देणारी केंद्रे यांचे दैनंदिन व्यवहार आज डेटा नेटवर्कवर चालतात. अशा नेटवर्कच्या नाक्यावर असलेला राउटर बंद पडला की एकाच वेळी अनेक खिडक्यांवर रांगा थांबतात. म्हणूनच मोठ्या राउटरमध्ये मुख्य प्रोसेसरच्या जोडीला दुसरा, राखीव प्रोसेसर बसवितात.

कल्पना जुनीच

ही योजना टेलिफोन एक्स्चेंजकडून आलेली आहे. अमेरिकेतील सक्कासुना येथे १९६५ मध्ये सुरू झालेल्या 'नंबर वन ईएसएस' या इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंजमध्ये प्रोसेसरची जोडी होती. ४० वर्षांत एकूण २ तासांपेक्षा अधिक काळ यंत्रणा बंद राहू नये, असे उद्दिष्ट तिच्या रचनाकारांनी ठेवले होते.

भारतात ऑगस्ट १९८४ मध्ये 'सी-डॉट' ही संस्था स्थापन झाली. तिचे १२८ पोर्टचे ग्रामीण एक्स्चेंज १९८६ मध्ये कर्नाटकातील कित्तूर येथे प्रथम कार्यान्वित झाले. वातानुकूलनाविना चालणाऱ्या या यंत्रातही नियंत्रक प्रोसेसर दुहेरी होते. वऱ्हाडातील उन्हाळा ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या दोन्ही गुणांचे मोल वेगळे सांगावयास नको.

राखीवपणाचे तीन प्रकार

राउटरमधील नियंत्रक प्रोसेसर मार्ग ठरवितो; प्रत्यक्ष माहितीची ने-आण मुख्यत्वे लाइन कार्डे करतात. राखीव प्रोसेसर किती सज्ज आहे, यावरून तीन प्रकार पडतात.

शीत प्रकारात मुख्य प्रोसेसर बिघडल्यावर राखीव प्रोसेसर प्रारंभापासून सुरू होतो. सेवा काही मिनिटे खंडित होते. मध्यम प्रकारात सॉफ्टवेअर व संरचना आधीच भरलेली असते, मात्र चालू जोडण्यांची स्थिती त्याला ठाऊक नसते. उष्ण प्रकारात ही स्थितीही सतत उतरवून घेतली जाते. त्यामुळे ताबा काही क्षणांत बदलतो आणि लाइन कार्डे आधीच्या मार्गतक्त्यावर काम चालू ठेवतात.

या काळात शेजारच्या राउटरांनी संबंध तोडू नयेत, यासाठी 'ग्रेसफुल रिस्टार्ट' ही सोय असते. 'ओएसपीएफ'साठी तिचे मानक २००३ मध्ये, तर 'बीजीपी'साठी २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. शेजारच्या राउटरमध्ये ही सोय नसेल, तर उष्ण राखीव प्रोसेसर असूनही मार्ग काही काळ तुटू शकतात.

जोडणीचा क्रम

• दोन्ही प्रोसेसर कार्डे एकमेकांशी सुसंगत, शक्यतो एकाच प्रकारची व समान मेमरीची असावीत.
• दोहोंवर सॉफ्टवेअरची एकच आवृत्ती भरावी. आवृत्त्या भिन्न असल्यास अनेक यंत्रे आपोआप खालच्या प्रकारात उतरतात.
• राखीवपणाचा प्रकार निवडून संरचना जतन करावी आणि ती दुसऱ्या कार्डावर उतरल्याची खात्री करावी.
• राखीव कार्डाची स्थिती 'सज्ज' दिसेपर्यंत काम पूर्ण झाले, असे समजू नये.
• रहदारी कमी असताना, शक्यतो रात्री, ताबा मुद्दाम बदलून पाहावा. किती पाकिटे गळाली, याची तारखेसह नोंद ठेवावी.
• राखीव कार्ड बिघडल्यास नियंत्रण कक्षाला इशारा मिळेल, अशी व्यवस्था करावी.

शेवटचा मुद्दा सर्वाधिक दुर्लक्षित राहतो. मुख्य प्रोसेसर बिघडला तर राखीव प्रोसेसर धावून येतो; पण राखीवच निकामी झाला, तर सेवेत काहीही फरक दिसत नाही. बिघाड लक्षात येतो तो मुख्य प्रोसेसर बंद पडल्यावर, म्हणजे उपाय हाती नसताना.

मर्यादा

दोन प्रोसेसर म्हणजे दुप्पट सुरक्षितता, हे समीकरण नेहमीच खरे ठरत नाही. ४ जून १९९६ रोजी 'एरियन ५' हे युरोपीय रॉकेट उड्डाणानंतर ४० सेकंदांच्या आत नष्ट झाले. त्याच्या मार्गदर्शक यंत्रणेत राखीव संगणक होता. परंतु दोहोंवर तेच सॉफ्टवेअर होते. एकाच चुकीमुळे आधी राखीव आणि क्षणार्धात मुख्य संगणक बंद पडला. राउटरमध्ये मात्र समान आवृत्ती अपरिहार्य असते. म्हणून नवी आवृत्ती आधी अन्यत्र तपासून पाहणे आणि जुनी हाताशी ठेवणे हाच उपाय उरतो.

दोन्ही कार्डे एकाच पेटीत असतात, हेही विसरून चालत नाही. वीजपुरवठ्याचे दोन संच एकाच बटणावर जोडले असतील किंवा अर्थिंग सदोष असेल, तर एक वीज कडाडताच दोन्ही कार्डे जाऊ शकतात. रस्त्याच्या खोदकामात तुटलेली फायबर केबल तर कोणताच प्रोसेसर सांधू शकत नाही. त्यासाठी दुसरा मार्गच लागतो. ग्रामपंचायती जोडणाऱ्या 'भारतनेट' प्रकल्पाच्या २०२३ मधील सुधारित आराखड्यात सरळ रेषेऐवजी वलयाकार जोडणी स्वीकारली गेली, ती याच कारणाने.

वर्षभरात ९९.९ टक्के सेवा म्हणजे पावणेनऊ तासांचा खंड, ९९.९९९ टक्के म्हणजे अवघी सव्वापाच मिनिटे. हे अंतर कापण्यासाठी दुसरे कार्ड, दुसरी वीजजोडणी आणि दुसरी केबल हवीच. पण या तिन्हींची ठरावीक काळाने तपासणी झाली, तरच त्यांचा उपयोग.