प्रौढांच्या दातांची जुळणी : कितपत फरक चालतो?

जुन्नर-आंबेगाव परिसरातून नारायणगाव किंवा मंचरच्या दवाखान्यात गेलेला तिशी-चाळिशीचा रुग्ण हल्ली दाढेसोबत आणखी एक प्रश्न विचारतो, "दात थोडे वाकडे आहेत, तारा बसवाव्या लागतील का?" खर्च मोठा आणि उपचार दीर्घकाळ चालणारे, त्यामुळे दंतवैद्यक कोणती जुळणी स्वीकारार्ह मानते, हे आधी जाणून घेणे बरे.

आदर्श जुळणीत वरचे पुढील दात खालच्यांच्या दोन ते तीन मिलिमीटर पुढे असतात आणि खालच्या दातांचा साधारण एक तृतीयांश भाग झाकतात. वरच्या पहिल्या मोठ्या दाढेचा पुढील बाहेरचा उंचवटा खालच्या दाढेच्या खाचेत बसतो. ही कसोटी अमेरिकेतील एडवर्ड अँगल यांनी १८९९ साली मांडली. तोंड मिटून स्वस्थ बसले असता मात्र वरचे व खालचे दात एकमेकांना टेकत नाहीत.

प्रत्यक्षात असे आखीव दात थोड्यांचेच. ब्रिटनमध्ये १९८९ साली तयार झालेल्या निर्देशांकात उपचारांच्या गरजेच्या पाच श्रेणी आहेत. वरचे दात साडेतीन मिलिमीटरपर्यंत पुढे असणे त्यात सामान्य ठरते. सहाच्या वर गेल्यास उपचारांची गरज मानली जाते. किंचित गर्दी वा एखादा वळलेला दात हा आजार नव्हे.

शिवाय 'नैसर्गिक' जुळणीही सर्वकाळ एकच नव्हती. आंबेगावच्या सह्याद्रीत उगम पावणारी घोड नदी शिरूर तालुक्यातील इनामगावजवळून जाते. तेथे डेक्कन कॉलेजने उत्खनन केले आणि ताम्रपाषाणयुगीन मानवी अवशेषांचा ल्युकाक्स व वाळिंबे यांचा अभ्यास १९८६ साली प्रसिद्ध झाला. अशा प्राचीन समाजांत जाडेभरडे अन्न चावून दात झिजत. ऑस्ट्रेलियाचे रेमंड बेग यांनी तर १९५४ साली झिजून कडेला कड भिडणारे दातच मूळ मानवी जुळणी असल्याचे प्रतिपादन केले. त्यांचे मत सर्वांना मान्य झाले नाही, हेही खरे.

खरी चिंता वेगळीच आहे. दाढ दुखली की काढून मोकळे व्हायचे आणि रिकामी जागा तशीच ठेवायची, ही सवय आपल्याकडे जुनी. मग शेजारची दाढ त्या जागेकडे कलते, समोरची लांबते आणि चांगली जुळणीही हळूहळू बिघडते. अर्थात प्रत्येक जागा भरलीच पाहिजे असे नाही. नेदरलँड्सचे कायझर यांनी १९८१ साली दाखवले की, पुढचे दात व उपदाढा शाबूत असल्यास अनेकांचे चावणे समाधानकारक चालते. जागतिक आरोग्य संघटनेनेही १९९२ साली किमान २० नैसर्गिक दात टिकवणे हे उद्दिष्ट मानले.

खालचे दात टाळूला वा हिरडीला टोचणे, भाकरी पुढच्या दातांनी न तुटणे, जबडा एका बाजूला सरकवल्यावरच दात मिटणे, एकाच दाताची झपाट्याने झीज किंवा तो हलू लागणे, यांपैकी काही आढळल्यास ऑर्थोडॉन्टिस्टचा सल्ला घ्यावा. प्रौढ वयातही दात सरकवता येतात; मात्र आधी हिरड्या व हाडाची तपासणी करून घ्यावी लागते.