गुणाकाराविना परिवलन : कॉर्डिक पद्धतीचे विवेचन

एखादा बिंदू दिलेल्या कोनातून फिरवणे ही क्रिया संकेत-प्रक्रियेत आणि संगणकीय ग्राफिक्समध्ये पदोपदी लागते. नेहमीच्या सूत्राने गेल्यास आधी कोनाचे साइन आणि कोसाइन काढावे लागतात, मग चार गुणाकार करावे लागतात. जॅक व्होल्डर यांनी १९५९ साली प्रसिद्ध केलेल्या कॉर्डिक पद्धतीत हे काम केवळ बेरीज, वजाबाकी आणि शिफ्ट यांवर भागते. बी-५८ या अमेरिकी बॉम्बफेकी विमानाच्या दिशादर्शनातील ॲनालॉग भागाच्या जागी अंकीय संगणक बसवायचा होता. त्या गरजेतून ही पद्धत जन्मली.

यातील युक्ती कोनांच्या निवडीत आहे. ज्यांचे टॅन १, १/२, १/४, १/८ असे निम्म्यानिम्म्याने उतरते, तेवढेच कोन घ्यायचे : ४५, २६.५७, १४.०४, ७.१३, ३.५८ अंश वगैरे. समजा ३० अंश हवे आहेत. ४५ जास्त झाले, म्हणून २६.५७ मागे : १८.४३. कमी पडले, १४.०४ पुढे : ३२.४७. पुन्हा ७.१३ मागे : २५.३५. मग ३.५८ पुढे : २८.९२. प्रत्येक पायरीला उत्तरात साधारण एका बिटची अचूकता वाढते. दोनाच्या घाताने भागणे म्हणजे बिट उजवीकडे सरकवणे, त्यामुळे गुणाकाराचा प्रश्नच उरत नाही. सदिशाची लांबी मात्र सुमारे १.६४७ पट वाढते. पायऱ्यांची संख्या ठरलेली असल्याने ही वाढ कोणत्याही कोनाला तीच राहते; सुरुवातच ०.६०७ पासून केली की हिशेब जुळतो.

एफपीजीएमध्ये, म्हणजे आतली जोडणी हवी तशी रचता येणाऱ्या चिपमध्ये, प्रत्येक पायरीसाठी वेगळे सर्किट मांडले, तर शिफ्टला काहीच खर्च येत नाही, कारण तारा त्या पायरीला लागतील तेवढी घरे सरकवून जोडल्या की काम झाले. पायरीमागे तीन अॅडर लागतात. पाइपलाइन भरली की दर क्लॉकला एक उत्तर बाहेर पडते. शिफ्ट करताना खालचे बिट गळतात, म्हणून सोळा बिटांच्या अचूकतेसाठी आत चारेक बिट जास्त ठेवावेत. नवखे अभियंते नेमके हेच विसरतात आणि मग सिम्युलेशनमध्ये दिसणाऱ्या चुकीचा उगम भलतीकडेच शोधत बसतात.

सॉफ्टवेअरमध्ये चित्र उलटते. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीच्या चिन्हावर अवलंबून असल्याने प्रोसेसरला कामे समांतर उरकता येत नाहीत, आणि आजच्या प्रोसेसरवर गुणाकार स्वस्त आहे. इंटेलच्या १९८० च्या ८०८७ या गणिती सहप्रोसेसरमध्ये कॉर्डिक होते. पेंटियममध्ये त्याची जागा बहुपदींनी घेतली. माझ्या मते ते योग्यच झाले.

उपयोगाचा निकष कोन किती वेळा बदलतो हा आहे. त्रिमितीय आकृतीचे हजारो बिंदू एकाच कोनातून फिरतात. साइन-कोसाइन एकदाच काढून मॅट्रिक्स वापरणे तिथे केव्हाही सरस. रेडिओ रिसीव्हरमध्ये मात्र प्रत्येक नमुन्याला कोन नवा असतो. शिवाय कॉर्डिक उलटे चालवले, तर सदिशाची लांबी आणि कोन दोन्ही एकदम मिळतात. वर्गमूळ वेगळे काढावे लागत नाही. एफपीजीएवर रिसीव्हर बांधताना गुणाकार करणारे डीएसपी ब्लॉक फिल्टरांसाठी राखून ठेवावेत आणि परिवलनाचे काम कॉर्डिककडे द्यावे.