ग्रामण्याचें हत्यार

रूढीबाहेर पाऊल टाकणाऱ्या माणसाचें पुढें काय होतें, या प्रश्नाचें उत्तर आपण बहुधा त्याच्या धैर्यांत शोधतों. जो टिकला तो शूर आणि जो परतला तो दुबळा, असा सोपा निवाडा करून आपण मोकळे होतों. परंतु मागील शतकांतील कांहीं प्रसंग सावकाश वाचले म्हणजे दिसतें कीं, वाट सोडणाऱ्याची वागणूक जितकी त्याच्या हातीं असते, तितकीच ती त्याच्या समाजाच्याहि हातीं असते. श्रोते हो, आज या गोष्टीचा विचार मी पुण्यांतील एका चहाच्या पेल्यापासून करणार आहें.

१४ ऑक्टोबर १८९० रोजीं पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें व्याख्यानाच्या निमित्तानें शहरांतील पुष्कळ प्रतिष्ठित मंडळी जमली होती. त्यांत महादेव गोविंद रानडे होते, टिळक होते, गोखले होते. व्याख्यान संपल्यावर पाहुण्यांपुढें चहा आणि बिस्किटें आलीं. कोणी चहा घेतला, कोणी पेला नुसता ओठांस लाविला, कोणी भिडेखातर हातीं धरून तसाच खालीं ठेविला. या निमंत्रणामागें होते गोपाळराव जोशी. अमेरिकेंत जाऊन १८८६ मध्यें वैद्यकाची पदवी मिळविणाऱ्या आनंदीबाईंचे हे पति. लोकांचीं ढोंगें उघडीं पाडण्याची त्यांस मोठी हौस. जमलेल्यांचीं नांवें त्यांनीं ‘पुणें वैभव’ पत्रांत छापविलीं, आणि एका संध्याकाळची साधी गोष्ट एकाएकीं धर्मसंकट होऊन बसली.

येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. शिकलेल्या वर्गांत त्या काळीं खाजगी रीतीनें आहारविहाराचे नियम पुष्कळ सैल झाले होते, आणि हें कोणास ठाऊक नव्हतें असें नाहीं. समाज न पाहिल्यासारखें करी. पण नांव छापून आलें म्हणजे न पाहिल्यासारखें करणें अशक्य झालें. तेव्हां ग्रामण्य उभें राहिलें तें चहा प्याल्याबद्दल तितकेंसें नव्हे, जितकें तो प्याल्याचें जगजाहीर झाल्याबद्दल.

ग्रामण्य या हत्याराची रचना मोठी कसबी होती. बहिष्कृताला कोणी मारीत नसे, कीं त्याचें घर लुटीत नसे. त्याच्या पंक्तीला कोणी बसत नसे, एवढेंच. पण त्याच्या घरीं मुंज निघाली तर भटजी मिळत नसे, श्राद्धाला ब्राह्मण येत नसत, आणि मुलीचें लग्न जमत नसे. खेडेगांवांत तर न्हावी, परीट आणि पाणवठा हींहि आड येत. सरकार दूर उभें राहून पाहात असे. मुंबई इलाख्याच्या १८२७ च्या दुसऱ्या रेग्युलेशनानें जातीच्या प्रश्नांत न्यायालयांनीं पडूं नये असें ठरविलें होतें. जात गेली म्हणून वारसाहक्क जाणार नाहीं, हें १८५० च्या कायद्यानें मान्य केलें खरें. परंतु श्राद्धाचा ब्राह्मण कोणताहि कायदा आणून देऊं शकत नव्हता.

आणि या सर्वांच्या मुळाशीं श्रद्धा होती. दोष संसर्गानें पसरतो, या समजुतीवर हें यंत्र चालत असे. बाटलेल्याबरोबर जेवला तोहि बाटला. त्याच्याबरोबर जेवणारा तिसराहि बाटला. म्हणून शिक्षा अपराध्यापाशीं थांबत नसे. ती त्याच्या म्हाताऱ्या आईवर, सासरीं नांदणाऱ्या बहिणीवर, शेजाऱ्यावर आणि मित्रावर जाऊन पडे. स्वतःचे हाल सोसणारे पुष्कळ निघतात. आपल्यासाठीं दुसऱ्यांचे होणारे हाल उघड्या डोळ्यांनीं पाहणारे थोडे.

सनातनी मंडळींनीं शंकराचार्यांकडे फिर्याद नेली, आणि १८९२ मध्यें पीठाच्या वतीनें चौकशी झाली. टिळकांनीं आपण काशीस प्रायश्चित्त घेतलें असल्याचा दाखला पुढें केला. रानड्यांनीं अखेर प्रायश्चित्त घेतलें, आणि सुधारकांच्या गोटांत एकच हळहळ उडाली. सामाजिक परिषदेचा हा आधारस्तंभच वाकला, मग इतरांनीं पाहावें कोणाकडे? रमाबाईंनीं १९१० मध्यें प्रसिद्ध केलेल्या आठवणींत हा प्रसंग सांगितला आहे. त्यावरून दिसतें कीं, रानड्यांना बोचत होती ती स्वतःची अडचण नव्हे, तर एका स्नेह्याच्या घरांतील कुचंबणा. पतीचा हा निर्णय त्या मानी स्त्रीलाहि जड गेला. यापूर्वीं १८७३ मध्यें प्रथम पत्नी वारल्यावर, पुनर्विवाहाचा पुरस्कार करणाऱ्या याच पुरुषानें वडिलांच्या आग्रहास्तव अकरा वर्षांच्या मुलीशीं लग्न केलें होतें. ती मुलगी म्हणजेच या रमाबाई. दोन्ही वेळां त्यांना वाकविलें तें शत्रूंनीं नव्हे, आपल्या माणसांनीं. रानडे भित्रे होते असें म्हणणें अन्यायाचें होईल. पण त्यांच्या वाकण्याची किंमत कोणालाच द्यावी लागली नाहीं, असें म्हणणेंहि खोटें होईल.

याच्या पुढच्याच वर्षीं धोंडो केशव कर्वे यांनीं दुसरा मार्ग धरिला. ११ मार्च १८९३ रोजीं त्यांनीं पंडिता रमाबाईंच्या शारदासदनांत शिकणाऱ्या गोदूबाई या विधवेशीं पुण्यांत विवाह केला. कोकणांतील मुरुड या त्यांच्या गांवानें सभा भरवून बहिष्कार पुकारला. कर्वे ज्या बैठकीवर बसतील तीवर कोणी बसूं नये, आणि भावानें त्यांस घरांत घेतलें तर भावावरहि बहिष्कार घालावा, असे ते ठराव होते. कर्वे परतले नाहींत, त्यांनीं प्रायश्चित्तहि घेतलें नाहीं. तथापि समाजानें त्यांनाहि घडविलेंच. पुनर्विवाहास उत्तेजन देण्यासाठीं त्यांनीं जी मंडळी काढली, तिचें नांव १८९५ मध्यें बदलून ‘विधवाविवाहप्रतिबंधनिवारक मंडळी’ असें झालें. उत्तेजनाची भाषा जाऊन अडथळा दूर करण्याची भाषा आली. पुढें १८९६ मध्यें अनाथबालिकाश्रम काढतांना त्यांनीं पुनर्विवाहाचा प्रचार त्या संस्थेपासून बाजूस ठेविला; कारण तसें न करतां लोकांनीं आपल्या विधवा मुली आश्रमांत धाडल्याच नसत्या. हिंगण्याच्या त्या झोंपडींतूनच १९१६ मध्यें महिला विद्यापीठाचा उगम झाला. समाजाच्या दाबानें प्रवाह अडला नाहीं; मात्र त्याचें पात्र बदललें.

पण एवढ्यावर थांबणें अप्रामाणिकपणाचें होईल. रानडे, टिळक आणि कर्वे यांच्यापुढें प्रायश्चित्ताचें एक दार तरी उघडें होतें. ज्यांच्यावर जन्मतःच बहिष्कार होता त्यांना असें दारच नव्हतें. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे अनुयायी महाडच्या चवदार तळ्याचें पाणी प्याले. त्यानंतर त्यांच्यावर हल्ले झाले, आणि तळें शेण, गोमूत्र, दूध, दहीं घालून ‘शुद्ध’ करण्यांत आलें. चहा पिणाऱ्यांची शुद्धि करून समाज त्यांस पुन्हां आपल्यांत घेई. पाणी पिणाऱ्यांच्या बाबतींत शुद्धि झाली ती पाण्याची, आणि माणसें बाहेरचीं बाहेरच राहिलीं. मुंबई सरकारनें नेमलेल्या समितीनेंहि १९३० मधील अहवालांत नमूद केलें आहे कीं, अस्पृश्यांनीं हक्क मागितले म्हणजे गांवकऱ्यांच्या हातीं सामाजिक बहिष्कार हें भयंकर शस्त्र असतें.

हें शस्त्र आज केवळ इतिहासाच्या संग्रहालयांत नाहीं. तसें असतें तर महाराष्ट्राला २०१६ मध्यें सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करण्याची गरज पडली नसती. त्या कायद्यानें तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. पण फिर्याद करणाऱ्याचीहि बहीण कोणाच्या तरी घरीं नांदत असते, हें १८९२ इतकेंच आजहि खरें आहे. वाट सोडणाऱ्याच्या धैर्याची परीक्षा आपण नेहमींच घेतों. परीक्षा खरोखर व्हावयाची असते ती त्याच्या पंक्तीला बसणाऱ्या शेजाऱ्याची. कारण ग्रामण्य मोडतें तें बहिष्कृताच्या शौर्यानें नव्हे, तर त्याच्या शेजारचा पाट रिकामा न ठेवणाऱ्या साध्या माणसामुळें.