दूरच्या आवाजाचा नाद : सीमाभागातले शॉर्टवेव्ह श्रोते

बिदर-कलबुर्गीकडच्या जुन्या मराठी घरांत रेडिओला मोठा मान असे. फळीवर मर्फी, बुश किंवा फिलिप्सचा सेट, त्यावर भरतकामाचा रुमाल आणि दोन भिंतींमध्ये ताणलेली एरियलची जाळी. परवान्याचे पैसे दरवर्षी पोस्टात भरायचे. हैदराबाद केंद्र सगळेच ऐकत. पण काही नादिष्ट मंडळी घरातले झोपले की काटा केसभर केसभर सरकवत लंडन, मॉस्को, टोकियो शोधत बसत. त्यांच्याविषयी चार शब्द.

आपला भाग १९४८ पर्यंत निजामाच्या संस्थानात होता. हैदराबादचे नभोवाणी केंद्र १९३५ साली निजाम सरकारने ताब्यात घेतले. त्यावर उर्दूबरोबर मराठी, कानडी, तेलुगू कार्यक्रमही होत. पण सरकारी केंद्र सरकारचीच बाजू सांगणार. दुसरी बाजू कळायची तर दूरचे स्टेशन लावावे लागे. ब्रिटिश मुलखातही तेच होते. १९४२ च्या चळवळीत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला, तो ४२.३४ मीटरवर, म्हणजे शॉर्टवेव्हवरच. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी पोलिसांनी तो पकडला. त्याच वर्षी सुभाषबाबूंचा आवाज जर्मनीहून येऊ लागला. पुढे १७ सप्टेंबर १९४८ रोजी खुद्द निजामाला आपली माघार रेडिओवरूनच जाहीर करावी लागली. १ एप्रिल १९५० पासून हैदराबाद आणि औरंगाबाद ही दोन्ही केंद्रे भारत सरकारच्या रेडिओत सामील झाली.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचना झाली. बिदर जिल्ह्यातले उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले. आपण भालकी, बसवकल्याण, औरादकर म्हैसूर राज्यात आलो. सोयरीक पलीकडे, कचेरी अलीकडे. कानडी आपण शिकलो, मुले त्यात पुढेही गेली. पण कानाला मराठी हवीच होती. ती गरज शॉर्टवेव्हने भागवली.

त्यामागे साधे शास्त्र आहे. मीडियम वेव्हच्या लहरी दिवसा जमिनीलगत धावतात आणि काही अंतरावर क्षीण होतात. शॉर्टवेव्हच्या लहरी आकाशाकडे जातात, तिथल्या विद्युतभारित थरावर आपटून खाली येतात आणि शेकडो-हजारो किलोमीटरवर उतरतात. मधल्या पट्ट्यात मात्र त्या पोहोचतच नाहीत. म्हणजे जवळच्याला ऐकू येत नाही आणि दूरच्याला स्पष्ट येते! मुंबई इथून सरळ रेषेत सुमारे पाचशे किलोमीटर. तरी साठ आणि एक्केचाळीस मीटरच्या पट्ट्यांत मुंबई केंद्राची मराठी आपल्याकडे उतरत असे. गुलबर्ग्याचे आकाशवाणी केंद्र १९६६ साली आले. त्याआधीच आपल्या लोकांच्या बोटांना ही वळणे पाठ झाली होती.

याच वाटेने सिलोनही घरात आले. केंद्रीय माहितीमंत्री बाळकृष्ण केसकर यांनी १९५२ पासून आकाशवाणीवर सिनेसंगीताला आवर घातला आणि त्याच वर्षी रेडिओ सिलोनवर अमीन सयानींची बिनाका गीतमाला सुरू झाली. बुधवारी रात्री आठला सारी आळी एका सेटभोवती जमे. आकाशवाणीला अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू करावी लागली. श्रोत्यांनी नुसता काटा फिरवून सरकारला धोरण बदलायला लावले, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

खरे शौकीन मात्र गाण्यांवर थांबत नसत. स्टेशन जितके दूर आणि आवाज जितका अस्पष्ट, तितका त्यांना आनंद. वहीत तारीख, लहरलांबी आणि ग्रीनिच वेळ लिहायची, म्हणजे आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा. पुढे पाच आकडे : आवाजाचा जोर, दुसऱ्या स्टेशनचा अडथळा, खरखर, चढउतार आणि एकूण दर्जा, प्रत्येकाला एक ते पाच गुण. हा अहवाल पत्राने त्या केंद्राला पाठवायचा. खरा ठरला की काही आठवड्यांनी पोस्टमन परदेशी तिकिटाचे रंगीत कार्ड घेऊन येई. त्याला क्यूएसएल कार्ड म्हणतात. तालुक्याच्या गावी बसून नीट ऐकल्याची जगाने दिलेली ती पोचपावतीच.

हा नुसता छंद नव्हता. ३१ ऑक्टोबर १९८४ रोजी इंदिराजींच्या हत्येची बातमी आकाशवाणीने संध्याकाळपर्यंत दिली नाही. बीबीसीने आधीच दिली होती. बंगालच्या दौऱ्यावर असलेल्या राजीव गांधींनीही बीबीसीच लावली होती. एकाच बातमीच्या दोन बाजू ऐकून मग मत बनवायचे, ही शिस्त आपल्या वडीलधाऱ्यांना शॉर्टवेव्हने लावली.

आता ते आवाज विरले. जर्मनीची हिंदी रेडिओ सेवा २०११ मध्ये थांबली; बीबीसी हिंदीचे शॉर्टवेव्ह प्रसारण ३१ जानेवारी २०२० रोजी बंद झाले. केंद्रांचा इतिहास त्यांच्या दप्तरात आहे. श्रोत्यांचा मात्र कुठल्याच दप्तरात नाही. तो आपल्या ट्रंकांत, माळ्यावर आणि ऐंशी ओलांडलेल्या माणसांच्या आठवणीत आहे. घराची डागडुजी निघाली की परवान्याचे पुस्तक, वह्या, कार्डे आधी रद्दीत जातात.

म्हणून वाचकहो, एक विनंती. गौरी-गणपतीला घरची मंडळी जमतील, तेव्हा आजोबांना विचारा : कुठले स्टेशन लागायचे, किती वाजता, सेट कोणाच्या घरी होता? सांगतील ते तारखेसह लिहून ठेवा. जुने कार्ड सापडले तर त्याचा फोटो काढून ठेवा. सीमाभागातल्या मराठी माणसाने काय बोलले, हे थोडेफार छापले गेले आहे. त्याने काय ऐकले, हे आपणच लिहायचे आहे.