घरीं घडविलेली बंदूक

बल्लारपूर म्हटलें कीं कागदाचा कारखाना, कोळशाच्या खाणी आणि बल्लारशाहचें जंक्शन एवढेंच बहुतेकांच्या डोळ्यांपुढें येतें. वर्धा नदीच्या कांठचा गोंड राजांचा किल्ला पाहावयास मुद्दाम उतरणारे थोडे. या किल्ल्यांतून राजधानी पुढें चांद्यास गेली. आणि चांद्याच्या पूर्वेस, वैनगंगेपलीकडे अहेरी-एटापल्लीपर्यंत जें अरण्य पसरलें आहे, तें सारें इंग्रजी अमदानींत चांदा जिल्ह्यांतच मोडत असे. १९८२ सालीं त्यांतून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. या अरण्याच्या मुलुखांत बंदुकीला एक खास नांव आहे. तें नांव ‘भरमार.’

आधीं भर, मग मार, असा त्या नांवाचा अर्थ लोक सांगतात, आणि तो त्या बंदुकीच्या स्वभावाशीं तंतोतंत जुळतो. पुस्तकी मराठींत हिलाच ठासणीची बंदूक म्हणतात. नळीच्या तोंडांतून दारू ओतावयाची, गजानें ठासावयाची, वर गोळी किंवा छरे सारावयाचे आणि एकच बार काढावयाचा; पुन्हां मारावयाचें झाल्यास सारा खटाटोप मुळापासून. तोंवर रानडुक्कर बांध ओलांडून गेलेलें असतें. तरीहि रानांतल्या माणसाला ही बंदूक प्रिय होती, याचें कारण एकच : ती गांवच्या लोहाराच्या भात्यापाशीं घडत असे व तेथेंच दुरुस्त होत असे.

लोखंडाची तर या मुलुखाला कधींच वाण नव्हती. लोहारा, देवलगांव, सुरजागड हीं नांवें खनिजाच्या थोरवीमुळेंच प्रसिद्ध झालीं. मातीच्या लहानशा भट्टींत लाकडी कोळशावर दगड वितळवून लोखंड काढण्याची कला येथील कारागिरांना पिढ्यान्‌पिढ्या अवगत होती. हें लोखंड मऊ परंतु चिवट असे. कुऱ्हाड, फाळ, विळा हें सर्व त्याचेंच. जुन्या काळीं बंदुकीची नळीहि अशाच घडीव लोखंडाची होत असे, व तिचा सांधा कच्चा राहिला तर बार शिकारीऐवजीं शिकाऱ्यावरच उलटे. जातां जातां सांगण्याजोगी गोष्ट अशी कीं, लोहाऱ्याच्या लोखंडाविषयीं रिटर फॉन श्वार्ट्झ या जर्मन तज्ज्ञानें १८८२ सालीं लिहिलेला अहवाल जमशेटजी टाटांच्या वाचनांत आला आणि पोलादाच्या कारखान्याचा त्यांचा पहिला बेत याच मुलुखावर बसला. पण वरोऱ्याचा कोळसा परीक्षेस उतरला नाहीं, आणि तो कारखाना अखेर दूर साकचीस, म्हणजे आजच्या जमशेदपुरास, उभा राहिला.

आतां १८५८ सालाकडे वळूं. मोलमपल्लीचे तरुण जमीनदार बाबूराव शेडमाके यांनीं त्या वर्षाच्या मार्चमध्यें गोंड व रोहिले यांची फौज जमवून राजगड परगणा काबीज केला. अडपल्ली-घोटचे जमीनदार व्यंकटराव त्यांना येऊन मिळाले. २९ एप्रिलच्या रात्रीं प्राणहितेच्या कांठीं चिंचगोंडी येथें तारखात्याच्या तळावर हल्ला झाला व त्यांत गार्टलंड आणि हॉल हे दोन इंग्रज मारले गेले. चांद्याचा डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रिक्टन यानें पुष्कळ पाठलाग केला. परंतु अरण्य बाबूरावांचें घर होतें. शेवटीं अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांच्या माणसांनीं १८ सप्टेंबरला त्यांना धरून दिलें, आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजीं चांद्यास त्यांना फांशी देण्यांत आलें. व्यंकटराव बस्तरांत निसटले. तेहि १८६० सालीं पकडले गेले. बाबूराव बंदुकीमुळें हरले नाहींत, आपल्याच शेजारच्या जमीनदारीनें त्यांना दगा दिला, ही गोष्ट विसरतां कामा नये.

बंदुकीच्या इतिहासाच्या दृष्टीनें या बंडाचें एक महत्त्व आहे. त्या वेळच्या इंग्रजी फौजेची एनफील्ड बंदूकहि ठासणीचीच होती! जें काडतूस दांतांनीं तोडण्यावरून मीरतला भडका उडाला, तें याच बंदुकीचें. नळीच्या आंत गोळीला फिरकी देणाऱ्या सर्पिल खांचा असल्यामुळें तिची नेमबाजी पुष्कळ सरस, हें खरें. पण ती भरण्याचें काम माणसाच्या हातानेंच चाले. म्हणजे लष्कराची बंदूक आणि लोहाराची बंदूक या अजून एकाच कुळांतल्या होत्या. पुढें मात्र हें नातें झपाट्यानें तुटलें. १८६६ सालीं इंग्रजी फौजेंत मागून भरावयाची स्नायडर आली, १८८६ सालीं फ्रान्सनें धूर न करणारी दारू वापरणारी लेबेल आणली आणि १८८८ सालीं अनेक काडतुसें एकदम पोटांत घेणारी ली-मेटफर्ड इंग्रजांच्या हातीं आली. या बंदुकांना पोलाद लागे, पितळेचीं एकसारखीं काडतुसें लागत आणि इंचाच्या हजाराव्या भागापर्यंत जुळणारे भाग लागत. भात्याची व ऐरणीची मजल तेथें संपली.

कारखान्यानें जें केलें, त्यावर कायद्यानें शिक्कामोर्तब केलें. १८६० व १८७८ च्या हत्यारांच्या कायद्यांनीं परवान्यावांचून शस्त्र बाळगणें गुन्हा ठरलें. गंमत अशी कीं, सत्तावनच्या धामधुमींत एकनिष्ठ राहिले म्हणून कोडगू प्रांतांतल्या कोडवांना मार्क कब्बननें १८६१ सालीं या बंधनांतून सूट दिली आणि ती आजपर्यंत टिकून आहे. चांद्याच्या गोंडाला तशी सूट मिळाली नाहीं. एकाच देशांतल्या दोन अरण्यांना दोन न्याय, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं. शस्त्रबंदीची ही सल सर्व देशालाच होती. १९३१ च्या कराची काँग्रेसनें मूलभूत हक्कांच्या ठरावांत नियमांस अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क मुद्दाम घातला, तो यामुळेंच.

हा कायदा मोडून शस्त्रें मिळविण्याचे प्रयत्न महाराष्ट्रांत झालेच. नाटककार कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं नेपाळांत जाऊन कौलांचा कारखाना काढला. त्या कौलांआड बंदुका तयार करण्याचा विचार होता. तो सिद्धीस गेला नाहीं. २१ डिसेंबर १९०९ रोजीं नाशकास अनंत कान्हेरे यांनीं कलेक्टर जॅक्सनवर झाडलेलें पिस्तूल मात्र ब्राउनिंग जातीचें, म्हणजे एक गोळी सुटतांच दुसरी आपोआप नळींत घेणारें होतें. सावरकरांनीं विलायतेहून पाठविलेल्या वीस पिस्तुलांपैकीं तें एक. असलें शस्त्र येथें कोणा लोहाराच्या हातून होणें शक्य नव्हतें. तें समुद्रापलीकडूनच आणावें लागलें.

या आपोआप भरणाऱ्या जातीलाच अर्धस्वयंचलित म्हणतात. बार उडतांना जो धक्का बसतो किंवा जो वायु सुटतो, त्याचाच जोर वापरून रिकामें काडतूस बाहेर पडतें व नवें आंत बसतें. चाप मात्र प्रत्येक वेळीं ओढावा लागतो. भरमारींत माणूस भरतो, येथें यंत्र भरतें. अमेरिकेच्या फौजेनें जॉन गॅरंडची अशी रायफल १९३६ सालीं स्वीकारली. आपल्या फौजेला असली रायफल १९६२ च्या चिनी युद्धानंतर मिळाली.

ज्या १९८२ सालीं गडचिरोली जिल्हा झाला, त्याच सालीं अमेरिकेंत टेनेसी संस्थानांत रॉनी बॅरेट नांवाच्या एका छायाचित्रकारानें घराच्या मोटारखान्यांत एक अजब उद्योग आरंभिला. ब्राउनिंगच्या मोठ्या मशीनगनचें अर्धा इंच व्यासाचें काडतूस खांद्यावरून झाडतां येईल, अशी अर्धस्वयंचलित रायफल त्याला हवी होती. बंदुका बनविण्याचें शिक्षण त्याला मुळींच नव्हतें. पण त्याची रायफल सिद्ध झाली. १९८९ सालीं स्वीडनच्या फौजेनें ती घेतली व पाठोपाठ आखाती युद्धांत अमेरिकेनेंहि वापरली. व्यासाचेंच पाहिलें तर जुनी इंग्रजी ब्राउन बेस बंदूक पाऊण इंचाची होती, म्हणजे याहून मोठी. परंतु तिची गोळी शंभर यार्डांपलीकडे भरंवशानें लागत नसे, आणि बॅरेटची मैलभर जाऊन लागते. बॅरेटला हें घरीं साधलें खरें. पण ऐनजिनसी काडतूस, पोलाद आणि यंत्रें हीं त्याच्या दाराशीं तयार होतीं, आणि त्याच्या देशाचा कायदा त्याच्या आड आला नाहीं. त्या देशांत सुटे भाग विकत घेऊन घरीं बंदूक जोडण्याची चाल पुढें इतकी वाढली कीं, क्रमांक नसलेल्या अशा ‘भूतबंदुकां’ना आळा घालणारे नियम सरकारला करावे लागले आणि २०२५ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें ते उचलून धरले.

आपल्याकडे १९५९ च्या हत्यारांच्या कायद्यानें परवान्याशिवाय बंदूक बनविणें, जोडणें, किंबहुना व्यवसाय म्हणून दुरुस्त करणेंहि वर्ज्य आहे. मात्र त्याच कायद्याच्या तेराव्या कलमांत पिकांच्या खऱ्याखुऱ्या राखणीसाठीं ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद स्पष्ट शब्दांत लिहिलेली आहे. एका आधुनिक कायद्याच्या पोटांत भरमारीला अशी जागा राहिली, ही मौजेचीच बाब होय. गडचिरोलीच्या रानांत पुढें जो सशस्त्र संघर्ष पेटला, त्यानें या जागेला संशयाचें ग्रहण लागलें. पोलिसांनीं हस्तगत केलेल्या हत्यारांच्या याद्यांत कारखान्याच्या रायफलींशेजारीं भरमारहि दिसूं लागली, आणि ज्या शेतकऱ्याची बंदूक केवळ डुकरासाठीं होती, त्याच्याकडेहि त्याच नजरेनें पाहिलें जाऊं लागलें. अलीकडच्या वर्षांत कित्येक गांवांतील लोकांनीं आपल्या भरमारी आपण होऊन पोलिसांच्या स्वाधीन केल्या आहेत. डुकरांचे कळप मात्र धान पिकूं लागलें कीं पूर्वीसारखेच शेतांत उतरतात, आणि राखणदार मचाणावर बसून डबा वाजवीत रात्र काढतो.