पहारा आणि पारख

इ. स. १६७३ च्या मार्च महिन्यांतील एका रात्रीं कोंडाजी फर्जंद अवघे साठ गडी घेऊन पन्हाळगडाचा कडा चढून गेला. फाल्गुनाचा वद्य पक्ष, सर्वत्र काळोख. वर पोंचतांच त्यांनीं कर्णे फुंकले. आदिलशाही शिबंदीची दाणादाण उडाली, किल्लेदार लढतां लढतां पडला आणि गड स्वराज्यांत आला. त्यापूर्वीं तीन वर्षें, १६७० त, तानाजी मालुसरे यांचे मावळेही असेच कडा चढून सिंहगडावर उतरले होते. दोन्ही ठिकाणीं तट शाबूत होता. पहारा मात्र उणा पडला.

जे असे गड घेतात, त्यांना आपले गड कसे जातील हेंही उमगतें. म्हणूनच शिवछत्रपतींनीं कोणताही किल्ला एका माणसाच्या हातीं दिला नाहीं. हवालदाराकडे किल्ल्या, सायंकाळीं दरवाजे लावणें आणि सकाळीं उघडणें हें त्याचें काम. सरनोबताकडे शिबंदी, सबनिसाकडे हजेरी व लेखन, कारखानिसाकडे धान्य व सामान. एकाची मति फिरली तरी दुसरा त्यास आवरील, अशी ही योजना होती. गडाच्या घेऱ्यांत रामोशी, महार, मांग, बेरड यांच्या चौक्या असत. रानांतील पाऊलवाट आणि परक्याची चाहूल त्यांच्याइतकी दुसऱ्या कोणास कळणार?

तपासणीची शिस्त लष्करासही होती. कृष्णाजी अनंत सभासद यांनीं जिंजी येथें राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून १६९४ च्या सुमारास बखर लिहिली, तींत तिचें वर्णन आहे. दसऱ्यास फौज बाहेर पडतांना लहानथोर प्रत्येकाच्या चीजवस्तूची यादी होई. वैशाखांत ती परतली कीं सरहद्दीवर सर्वांचा झाडा घेतला जाई, आणि यादीहून अधिक जें निघे त्याची किंमत पगारांतून वळती होई. सरदारासही त्यांतून सूट नव्हती. झाडा सर्वांचाच होत असल्यामुळें त्यांत कोणास अपमान वाटण्याचें कारण नव्हतें.

शत्रूइतकेंच भय निष्काळजीपणाचें असतें. १६७४ च्या राज्याभिषेकापूर्वीं चिपळूण भागांतील छावणीच्या अधिकाऱ्यांस महाराजांनीं पाठविलेलें पत्र प्रसिद्ध आहे. कोणी स्वयंपाकासाठीं चूल पेटवील, कोणी तंबाखूसाठीं विस्तव नेईल, वारा वाहतो आहे याचें भान राहणार नाहीं आणि एक खण पेटला कीं सगळी लहान पागा जळेल; रात्रीं दिवा तसाच राहिला तर उंदीर जळती वात ओढून नेईल आणि गवताची गंजी जाईल, असा इशारा त्यांत आहे. राज्य उभारणारा पुरुष उंदराची आणि वातीची चिंता करतो, यांतच त्याची दृष्टि दिसते.

हेंच शिक्षण रामचंद्रपंत अमात्य यांच्या अंगीं मुरलें होतें. शिवछत्रपतींपासून कोल्हापूरच्या संभाजी महाराजांपर्यंत अनेक कारकीर्दी त्यांनीं पाहिल्या. राजाराम महाराज जिंजीस असतां महाराष्ट्रांतील कारभाराचा आणि युद्धाचा भार त्यांच्यावर होता. १७१५ त सिद्ध झालेल्या आज्ञापत्रांत हा वृद्ध मुत्सद्दी दारूखान्याबद्दल बारकाईनें लिहितो. दारू वस्तीपासून दूर ठेवावी. भोंवतीं दाट झाडें लावावीं. आठपंधरा दिवसांनीं हवालदारानें स्वतः येऊन ती उन्हांत घालावी आणि पुन्हा मोहोर करावी. परवानगीवांचून कोणास आसपास फिरकूं देऊं नये. माणसांविषयींही तो तितकाच दक्ष आहे. चाकरी भिडेनें देऊं नये, पारख करून द्यावी. हवालदाराची तीन, सरनोबताची चार, सबनीस व कारखानीस यांची पांच वर्षांनीं बदली करावी. एके ठिकाणीं फार काळ राहिल्यानें जे लागेबांधे जडतात, त्यांवर हा उपाय होता.

ही दक्षता अनुभवांतून आली होती. औरंगजेबानें १७०० ते १७०४ या काळांत सातारा, पन्हाळा, विशाळगड, सिंहगड, राजगड असे एकामागून एक किल्ले घेतले. त्यांतले कित्येक तोफांपेक्षां वाटाघाटींनीं आणि पैशानें त्याच्या हातीं गेले. विशाळगड १७०२ त कित्येक महिने झुंजला आणि शेवटीं शिबंदी रक्कम घेऊन सुखरूप बाहेर पडली. यास सरसकट फितुरी म्हणणें न्याय्य नाहीं. बाहेरून कुमक येण्याची आशा नसतां दिलेला गड माणसें वांचवितो, आणि वांचलेलीं माणसें गड परत घेतात. बादशहाची पाठ फिरतांच तसेंच घडत गेलें. परंतु कोणता गड नाइलाजानें गेला आणि कोणता लोभानें, हें शेवटीं त्यावरील माणसांच्या निवडीवरच ठरतें. पारखीचा आग्रह याचसाठीं होता.

आज पन्हाळ्यास जाणारा प्रवासी तीन दरवाजा पाहून थक्क होतो. त्याची बांधणी खरोखरच भक्कम आहे. पण कोंडाजीचे साठ गडी त्या दरवाज्यानें आले नव्हते. या कड्यानें कोण येणार, असें वाटून जिकडे पहारा ढिला पडला, तिकडूनच ते वर आले.