माझगाव : स्थलनाम आणि बुजलेला किनारा

मुंबईच्या पूर्वेस, बंदराच्या काठी वसलेले माझगाव आज शहराच्या पोटात सामावलेले आहे. परंतु ज्या सात बेटांची मिळून मुंबई झाली, त्यांपैकी ते एक स्वतंत्र बेट होते. उत्तरेस परळ, दक्षिण-पश्चिमेस मुंबईचे मूळ बेट आणि मध्ये भरतीच्या पाण्याने भरणाऱ्या खाड्या, अशी त्याची स्थिती होती. ही स्थिती आता डोळ्यांना दिसत नाही. तिचा शोध स्थलनामांतच घ्यावा लागतो. मात्र ही साक्ष पारखूनच घेतली पाहिजे.

'माझगाव' हे नाम 'मत्स्यग्राम' यापासून आले, असे सांगण्याचा प्रघात आहे. कोळ्यांची जुनी वस्ती पाहता हे मनास पटते; ध्वनिनियमांस पटत नाही. 'मत्स्य', 'मच्छ', 'मासा' हा क्रम ध्यानात घेता येथे 'मासगाव' व्हावयास हवे होते. 'माझे गाव' ही व्युत्पत्ती ध्वनिदृष्ट्या निर्दोष खरी, पण सर्वनामावरून गावास नाव देण्याची आपल्याकडे रीत नाही. उलट 'मध्य', 'मज्झ', 'माझ' हा क्रम सरळ असून 'माजघर' या घरगुती शब्दात तोच आढळतो. परळ व मुंबई यांच्या मधले गाव ते माझगाव, असे मानणे प्रस्तुत लेखकास अधिक सयुक्तिक वाटते.

शेजारची नावेही बोलकी आहेत. 'उमरखाडी' म्हणजे उंबराची खाडी. 'म्ब'चा 'म' होणे मराठीस नवे नाही. तेथील पाणी केव्हाच हटले, नावातील खाडी तेवढी उरली. 'चिंचबंदर' या नावातही चिंचेच्या झाडाबरोबर जुना धक्का टिकून आहे.

१५३४ मध्ये ही बेटे पोर्तुगीजांकडे गेली आणि १५७२ मध्ये माझगाव डिसोझा घराण्यास जहागीर मिळाले. १६३२ मध्ये येथे ग्लोरिया चर्च उभे राहिले. १६६८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा अंमल आला. १६८९-९० च्या स्वारीत जंजिऱ्याच्या सिद्दीने माझगावचा किल्ला घेतला. १७७४ मध्ये येथे लहानशी गोदी झाली. त्याच परंपरेतील जहाजबांधणीचा कारखाना १९६० मध्ये सरकारने ताब्यात घेतला. १८७३ मध्ये पोर्ट ट्रस्ट स्थापन झाल्यावर भरावाचे काम वाढत गेले आणि मूळ किनारा आत, वस्तीत राहिला. बंदराच्या रेल्वेमार्गासाठी जुने चर्च पाडावे लागले. १९१३ मध्ये ते भायखळ्यास नव्याने उभे राहिले.

चर्च दुसरीकडे बांधता आले. स्थलनामाचे तसे नाही. ते आपल्या जागेवरच अर्थपूर्ण असते. रस्त्याची पाटी बदलली की एक नाव जाते आणि त्याबरोबर येथे खाडी होती, हे सांगणारा अखेरचा साक्षीदारही जातो. म्हणून माथारपाखाडीसारख्या जुन्या वस्तीत उतरून, वृद्धांच्या तोंडचे उच्चार जसेच्या तसे टिपून घेणे हे काम विद्यार्थ्यांनी विनाविलंब हाती घ्यावे. नकाशा पुन्हा काढता येतो. विसरलेला उच्चार पुन्हा ऐकता येत नाही.